जुन्या पाट्यांचे फोटो: आधी जागा, मग अक्षर

प्रश्न थोडक्यात असा: छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात, म्हणजे गुलमंडी, सराफा, शहागंज, जुना मोंढा या पट्ट्यात, दुकानांच्या जुन्या पाट्या, वाड्यांवरची उठावाची अक्षरे आणि भिंतींवरच्या पुसट जाहिराती टिपायच्या आहेत. हाताशी एक मोबाइल आणि १८-५५ लेन्सचा साधा डीएसएलआर आहे. पाट्या तिरक्या येतात, पत्र्यावर चमक येते, दुकानदार हटकतात, आणि घरी आल्यावर कुठली पाटी कुठली हेच कळत नाही. सुरुवात कशी करावी?

यातली शेवटची अडचण सगळ्यात मोठी, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. तिरका फोटो संगणकावर बराच सरळ होतो. चमक आली तर दुसऱ्या दिवशी परत जाता येते. पण पाटी नेमकी कुठे होती हे फोटोत नसेल तर पुढे कोणी सांगू शकत नाही. अक्षर आवडले की आपण जवळ जातो, चौकट भरून फोटो काढतो आणि पुढच्या पाटीकडे वळतो. दुकान पडले की तोच फोटो जालन्याचा, नांदेडचा की लातूरचा हेही ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक पाटीच्या किमान चार फ्रेम काढा. पहिली लांबून, रस्ता आणि दोन्ही बाजूंची दुकाने दिसतील अशी. दुसरी इमारतीचा पूर्ण दर्शनी भाग, जोत्यापासून छपरापर्यंत. तिसरी पाटी समोरून, काटकोनात. चौथी बारकाव्याची: कोपऱ्यातली पेंटरची सही, खिळे, उडालेला रंग, खालून डोकावणारा जुना थर. क्रमही हाच ठेवा. तिसरी फ्रेम झाली की हात सैल पडतो आणि लांबची फ्रेम राहून जाते. ती आधी काढली की हा धोका टळतो.

घाई कशाची करायची हेही ठरवून घ्या. दरवाज्यांच्या मागे लागू नका. १६१२ चा भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, मकाई दरवाजा यांचे फोटो हजारोंनी काढले गेले आहेत आणि ते उद्याही तिथेच असतील. त्यांच्या आजूबाजूच्या पत्र्याच्या पाटीचा मात्र भरवसा नाही. सध्या ती नाहीशी व्हायला तीन कारणे आहेत. पहिले शहराच्या नावाचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाल्यापासून पत्त्यातला ‘औरंगाबाद’ हा शब्द पाट्यांवरून जातो आहे, आणि धाराशिवकडे ‘उस्मानाबाद’चे तेच चालले आहे. दुसरे मराठी पाट्यांच्या नियमाचे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेली लहान दुकानेही या नियमात आली. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांची मुदत दिली आणि फक्त इंग्रजी किंवा उर्दूत असलेल्या पाट्या झपाट्याने बदलू लागल्या. नियमाला विरोध करण्याचा प्रश्न नाही. बदलण्याआधी एक नीट नोंद हवी, एवढेच. तिसरे कारण रस्ता रुंदीकरण. भिंतीवर लाल रंगाची खूण किंवा आकडा मारलेला दिसला तर बाकी सगळे सोडून आधी ती इमारत उरका.

वेळेचा आणखी एक हिशोब आपल्याकडचाच आहे. दसरा-दिवाळीच्या रंगरंगोटीत दरवर्षी काही जुनी अक्षरे चुन्याखाली किंवा ऑइल पेंटखाली जातात. त्यामुळे ज्या गल्लीची चिंता आहे ती गणपती उठायच्या आत संपवा. आणखी एक संधी फ्लेक्सच्या मागे लपलेली असते. नवे फ्लेक्स किंवा एसीपीची (अॅल्युमिनियमच्या पत्र्याची) चौकट बसवताना जुनी पाटी सहसा काढत नाहीत, तिच्यावरच लोखंडी फ्रेम ठोकतात. फ्लेक्स फाटून उतरवले की दुसरे चढेपर्यंत एक-दोन दिवस मागची पाटी उघडी असते. फ्लेक्सच्या कडेने आत डोकावायची सवय लावा. मागे लाकडी चौकट किंवा रंगवलेला पत्रा दिसला तर दुकानदाराला आपला नंबर देऊन ठेवा.

आता तिरकेपणा. जुन्या गल्ल्यांत पाटी तीन-चार मीटर उंच असते आणि मागे सरकायला जागा नसते. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, साधारण १.६ मीटरवर धरून पाच मीटरवरून चार मीटर उंचीची पाटी काढली तर कॅमेरा जवळजवळ २५ अंश वर वळवावा लागतो, आणि अक्षरे वरच्या बाजूला निमुळती होतात. दहा मीटरवरून तोच कोन साडेतेरा अंशांवर येतो. म्हणून शक्य तितके मागे जा आणि झूम करा. १८-५५ लेन्सवर ३५ चा आकडा हा चांगला मुक्काम; तीन मीटर रुंदीची पाटी त्यावर सातेक मीटरवरून कडेला जागा ठेवून बसते. १८ वर कडेची अक्षरे ताणली जातात. मोबाइलवर ०.५ चा कॅमेरा पाटीसाठी बंदच ठेवा, १ किंवा २ वापरा.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे समोरच्या इमारतीचा पहिला मजला. सराफ्यात आणि गुलमंडीत बऱ्याच दुकानांच्या वर गोदाम, शिंप्याचे दुकान किंवा घर असते. तिथल्या गॅलरीतून पाटी अगदी समोर येते. ते जमत नसेल तर मोनोपॉडच्या टोकाला मोबाइल लावून डोक्यावर उंच धरा आणि टायमर लावा. ट्रायपॉड गल्लीत उघडू नका. हातगाडीवाला, दुचाकीवाला आणि तुम्ही असे तिघेही अडकता. पुढे फोटो सरळ करताना कडा कापल्या जातात, त्यामुळे पाटीच्या चारही बाजूंना फ्रेमचा १५ ते २० टक्के भाग मोकळा सोडा. हे विसरल्यामुळे ‘अँड सन्स’ मधले ‘सन्स’ कापले गेलेले फोटो फार दिसतात.

पाटी लांब आणि गल्ली अरुंद असेल तर तुकड्यांत काढा. एका जागी उभे राहून कॅमेरा फिरवू नका. पाटीला समांतर चालत, दर फ्रेममध्ये मागच्या फ्रेमचा ३० ते ४० टक्के भाग येईल असे सरका. एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) आणि फोकस हाताने ठरवून पक्के करा, नाहीतर जोडलेल्या फोटोत पट्टे दिसतात. जोडायला हगिन हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. समोर तारांचे जाळे असेल तर ३०-४० सेंटिमीटर बाजूला सरकून दुसरी फ्रेम घ्या. पहिलीत तारेखाली गेलेला काना दुसरीत मोकळा सापडतो. तारा खोडून टाकायचा मोह मात्र आवरा. नोंदीच्या प्रतीत तारा हव्यातच, त्याही या रस्त्याच्या आहेत.

मोबाइलचा एक धोका वेगळा सांगायला हवा. पाच पटीच्या पुढे झूम केले की बरेच फोन अक्षरांच्या कडा स्वतः ‘सुधारतात’. रोमन अक्षरात ते खपून जाते, देवनागरीत घात होतो. अनुस्वाराचा टिंब डाग समजून पुसला जातो, ‘ष’ चा ‘प’ होतो, रफार शिरोरेषेत विरघळतो. उर्दूत तर अक्षराची ओळखच नुक्त्यांवर, म्हणजे टिंबांवर असते. म्हणून झूमऐवजी जवळ जा, जमेल तिथे रॉ (कॅमेऱ्याने न दाबलेली, न सुधारलेली) फाइल घ्या, आणि निघण्यापूर्वी स्क्रीनवर मोठे करून प्रत्येक टिंब डोळ्यांनी दिसलेल्या टिंबाशी ताडून पाहा.

उजेडाचा निर्णय पाटी कशाची आहे यावर घ्या. रंगवलेल्या पाटीला सपाट उजेड हवा. ढगाळ दिवस किंवा सावलीतली सकाळ उत्तम. उठावाच्या अक्षरांचे नेमके उलटे: सिमेंटमध्ये किंवा चुन्यात काढलेली अक्षरे, दगडात कोरलेले साल, लाकडी चौकटीवरची नक्षी हे सगळे भिंतीला घासून जाणाऱ्या उन्हातच उठते. समोरून ऊन पडले की ती अक्षरे भिंतीत गडप होतात.

हे घासून जाणारे ऊन कधी मिळते याचा हिशोब आपल्या अक्षांशावरून मांडता येतो. संभाजीनगर १९.९ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे शून्य सावलीचा दिवस २० मेच्या आसपास येतो. नांदेडला तो १६-१७ मेला, लातूरला १३ मेच्या सुमारास. त्या दिवसांत दुपारी साडेबाराच्या आगेमागे सूर्य डोक्यावर असतो आणि ऊन भिंतीवरून सरळ खाली घसरते. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीला बाराचा सुमार, पश्चिमेच्या भिंतीला एकचा सुमार. प्रत्येक उठाव त्या वेळी काळ्या सावलीने अधोरेखित होतो. मेच्या दुपारी बाहेर पडायला कोणी तयार नसते, त्यामुळे गल्ल्याही रिकाम्या मिळतात. डोक्याला रुमाल आणि पाण्याची बाटली विसरू नका. कॅमेरा उन्हात ठेवला तर तोही तापून बंद पडतो. छज्ज्याखालच्या अक्षरांना ही वेळ चालत नाही, तिथे दुपारी फक्त सावली असते. ती डिसेंबर-जानेवारीत काढा. तेव्हा मध्यान्हीचा सूर्यही जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि दक्षिणेकडच्या छज्ज्याखाली उजेड शिरतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीला थेट ऊन फक्त मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर मिळते, तेही मेअखेर ते जुलैचा तिसरा आठवडा सोडला तर सकाळी लवकर आणि संध्याकाळीच. हिवाळ्यात अशा भिंतीसमोर उन्हाची वाट पाहत बसणे फुकट आहे.

लातूरच्या गंजगोलाईत हाच हिशोब गोल फिरतो. मध्ये गोल इमारत आणि भोवती सोळा रस्ते, म्हणजे प्रत्येक बाजूची वेळ वेगळी. तिथे एका सकाळी सगळे उरकायचा हट्ट धरला तर अर्ध्या पाट्या सूर्याविरुद्ध येतात. पूर्वेची बाजू एका दिवशी, पश्चिमेची दुसऱ्या दिवशी असे वाटून घ्या.

ऊन पोचतच नाही अशा देवडीत किंवा दिंडी दरवाज्याच्या आत टॉर्च वापरा. कॅमेरा स्थिर ठेवा, टॉर्च भिंतीपासून १०-१५ अंशांवर बाजूने धरा आणि डावीकडून, उजवीकडून, वरून अशा तीन-चार फ्रेम घ्या. डावीकडच्या उजेडात न दिसलेला आकडा वरच्या उजेडात दिसतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश या कामाला निरुपयोगी आहे, तो समोरूनच मारतो.

चमकेबद्दल. आधी पाटी ऑइल पेंटची आहे की खऱ्या इनॅमलची हे ओळखा. खरे इनॅमल म्हणजे लोखंडावर भाजून चढवलेली काच. तिचा टवका उडतो, सोलपट निघत नाही; भोकांभोवती गोल गंज धरतो आणि टवक्याखाली गडद थर दिसतो. चहा, साबण, विडी, औषधे यांच्या जुन्या कंपन्यांच्या पाट्या अशा असत. दोन्हींवरची चमक कमी करायला पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) सुचवतात, पण तो कुठे चालतो हे सहसा सांगत नाहीत. पाटीच्या काटकोनापासून साधारण ५५ अंश तिरके उभे राहिलात तर पोलरायझर चमक जवळपास काढून टाकतो. अगदी समोर उभे राहिलात तर काही करत नाही. आणि उघड्या धातूच्या चमकेवर तो कुठूनच चालत नाही. म्हणून वाचण्यापुरती एक तिरकी फ्रेम पोलरायझर लावून घ्या. समोरच्या फ्रेमसाठी काळे कापड वापरा: दीड बाय दोन मीटरचे, मध्ये लेन्सपुरते भोक. दोघांनी कापड धरायचे, तिसऱ्याने भोकातून फोटो काढायचा. पाटीत जे उजळ आकाश आणि समोरची भिंत दिसत होती तिथे आता काळे कापड दिसते, म्हणजे काहीच दिसत नाही. काचेवर उलट लिहिलेल्या, सोनेरी वर्खाच्या पाट्यांना याशिवाय गत्यंतर नाही. डॉक्टर-वकिलांच्या जुन्या खोल्यांच्या दारांवर त्या अजून सापडतात.

पांढरी पाटी करडी येते आणि काळी फिकट येते, कारण कॅमेरा सगळ्याचा मधला करडा करू पाहतो. पांढऱ्याला अर्धा ते पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा, काळ्याला तेवढाच कमी करा. बाकी एफ ८, आयएसओ १०० ते ४००, हातात धरून शटर सेकंदाच्या १२५ व्या भागापेक्षा हळू नको. रंग खरे यावेत म्हणून एका फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायचा ठरावीक करडा पुठ्ठा) धरा. त्याऐवजी झेरॉक्सचा कोरा कागद धरतात, ते टाळा. त्या कागदात पांढरेपणा वाढवणारे रसायन असते, ते उन्हात निळसर झळकते आणि त्यावर रंग जुळवला की पिवळी पाटी आणखी पिवळी दिसते. मापासाठी पाटीच्या शेजारी, त्याच पातळीत ३० सेंटिमीटरची पट्टी धरलेली एक फ्रेम पुरे.

निऑनच्या नळ्यांची पाटी पेटती असेल तर सूर्यास्तानंतर १५ ते २५ मिनिटांत काढा. आकाशात थोडा निळा उजेड असला की इमारतही दिसते. लाल नळी चटकन जळते, म्हणजे सगळी पांढरी येते. दीड ते दोन स्टॉप कमी ठेवा. ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या उजेडातल्या पाटीवर पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्या वेगात पट्टे नाहीसे होतात.

पुसट भिंत-जाहिराती हा या कामातला सगळ्यात रसाळ भाग. जुन्या मोंढ्याकडे आडत दुकानांच्या आडभिंतींवर गेरू, नीळ, काजळी यांत लिहिलेली अक्षरे अजून तग धरून आहेत. पाणी शिंपडले की ती उठून दिसतात, आणि म्हणूनच लोक बाटली उपडी करतात. हे करू नका. हे रंग सरस किंवा डिंकात कालवलेले असतील तर ओल्याने सुटतात, आणि चुन्याचा पापुद्राही त्यांच्यासकट गळतो. पहिल्या पावसाची हलकी सर ती ओल आपोआप देते. सर थांबल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तिथे पोचा. श्रावणानंतर शेवाळ चढते आणि अक्षरे काळवंडतात, तेव्हा थेट डिसेंबरमध्ये जा. बोटाने, रुमालाने पुसायचेही नाही. धूळ फारच असेल तर मालकाला विचारून मऊ ब्रश हलकेच फिरवा, तोही पत्र्यावर. चुन्यावर नाही.

डोळ्यांना न दिसणारी अक्षरे संगणकावर बरीच वर येतात. आधी लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल वेगळे पाहा. गेरूची अक्षरे निळ्या चॅनलमध्ये सगळ्यात गडद दिसतात. पुढची पायरी डीस्ट्रेच, हे गुहाचित्रे वाचण्यासाठी केलेले, इमेजजे या फोटो तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसणारे प्लगइन आहे. लाल रंगासाठी त्यातले वायआरई आणि एलआरई हे पर्याय आधी वापरून पाहा. त्याला जेपेगची दाबलेली फाइल दिली तर चौकोनी ठिगळे अक्षरांसारखी दिसू लागतात, म्हणून रॉवरून केलेली टिफ फाइल द्या. एका भिंतीवर दोन-तीन जाहिराती एकावर एक असतात. एका थराचा ‘साबण’ आणि दुसऱ्या थराची ‘विडी’ जोडून नवाच माल तयार करू नका. प्रत्येक थर रंगानुसार वेगळा उतरवा.

पाटीचे वय ठरवायला फोटोतच खुणा असतात, म्हणून त्या सुटू देऊ नका. जीएसटी क्रमांक असेल तर पाटी किंवा निदान ती ओळ जुलै २०१७ नंतरची. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. भावात आणे असतील तर एप्रिल १९५७ च्या आधीची शक्यता जास्त, आणि ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ च्या मधली. ‘येथें सर्व प्रकारचें’ असे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची सवय सांगतात, पण जुन्या वळणाचा पेंटर ती पुढेही पाळत असे, म्हणून एवढ्यावर साल ठोकू नका. पत्त्यात हैदराबाद संस्थान असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीची; त्या दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. शहराबाहेर पडलात तर मैलाच्या दगडांवरचा २११ हा आकडाही टिपा. धुळे-सोलापूर रस्त्याचा तो जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक, आता ५२ झालेला.

वाड्यांवरच्या आणि दुकानांच्या माथ्यावरच्या सालांत मराठवाड्याचा खास गुंता आहे. इथे एकाच गल्लीत शके, विक्रम संवत, हिजरी आणि फसली अशी चार साले सापडतात. शकेत ७८ मिळवा. संवतातून ५७ वजा करा. हे सहसा मारवाडी-गुजराती पेढ्यांवर असते. निजामाच्या कारभारातले फसली साल ऑक्टोबरमध्ये सुरू होई, त्यात ५९० मिळवले की सुरुवातीचे इसवी साल येते. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८. पण तोच १३५७ चा आकडा हिजरी असेल तर साल १९३८-३९ निघते. आकडा वाचला पण पुढचे ‘फ’ किंवा ‘हि’चे उर्दू अक्षर फ्रेमबाहेर राहिले तर दहा वर्षांची चूक झालीच. उर्दू आकडे अक्षरांच्या उलट, डावीकडून उजवीकडेच वाचायचे. त्यातले शून्य म्हणजे नुसता टिंब, पाच गोलसर, सात उघड्या तोंडाच्या चिमट्यासारखा आणि आठ तोच चिमटा पालथा. खिळ्याचे डोके किंवा रंगाचा थेंब शून्य म्हणून वाचला जातो, त्यासाठी बाजूच्या उजेडातली फ्रेम हवी: खिळ्याची सावली पडते, रंगाची पडत नाही. नस्तालीक, म्हणजे उर्दूचे ते वळण, वाचता येत नसेल तर अंदाज न करता जाणकाराकडून वाचून घ्या. शहागंज-सिटी चौकात तसा माणूस दर दहा पावलांवर आहे.

तोच माणूस बहुधा तुम्हाला हटकणाराही असतो, आणि त्यात त्याची चूक नसते. गळ्यात कॅमेरा घालून दुकानाकडे पाहणारा माणूस त्याला महापालिकेचा, अतिक्रमण पथकाचा किंवा पाटीचा दंड लावायला आलेला वाटतो. कॅमेरा बाहेर काढण्याआधी ओट्यापर्यंत जा. ‘काका, ही पाटी फार सुंदर लिहिलीय, फोटो काढू का?’ किंवा ‘चाचा, बोर्ड का फोटो ले लूँ क्या?’ एवढे पुरते. महापालिकेचा नाही हे पहिल्या दमात सांगा. पाटी कोणी लिहिली, दुकान कधीचे, हिच्याआधी कुठली पाटी होती, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे तिथेच मोबाइलवर लिहा किंवा, चालत असेल तर, रेकॉर्ड करा. पुढच्या खेपेला चार बाय सहाचा एक प्रिंट नेऊन द्या. प्रिंट हातात पडला की मग माळ्यावरची जुनी पाटीही खाली येते, असा साधारण अनुभव आहे. नाही म्हणाले तर नाही. छावणी भागात लष्करी हद्दीत कॅमेरा काढू नका. बायका, लहान मुले, गिऱ्हाइके यांचे चेहरे येत असतील तर थांबा. शुक्रवारी दुपारी शहागंजकडे गर्दी असते, तेव्हा दुसरी गल्ली धरा. फक्त शटरवर रंगवलेली अक्षरे हवी असतील तर सकाळी सात ते नऊ. दुकान उघडले की ती गुंडाळली जातात. बाकीच्या पाट्याही टांगलेला माल, हँगरवरचे कपडे त्यांच्यावर यायच्या आत टिपा.

घरी आल्यावर त्याच दिवशी नोंद करा, दुसऱ्या दिवशी निम्मे विसरते. फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस, गल्ली, क्रमांक या क्रमाने रोमनमध्ये द्या, कारण देवनागरी नावे काही सॉफ्टवेअरमध्ये मोडतात. मराठी मजकूर फोटोच्या आतल्या वर्णनात भरा. पाटीवरचा सगळा मजकूर ओळीनुसार, चुकांसकट टाइप करा. ‘किरणा’ लिहिले असेल तर ‘किरणा’च. उद्या कोणी शोधेल ते याच शब्दांवरून. जीपीएसवर विसंबू नका, अरुंद गल्लीत ते सहज १०-२० मीटर चुकते, म्हणजे दोन-चार दुकाने इकडेतिकडे. पत्ता टिकणाऱ्या खुणेवरून लिहा: दरवाजा, मशीद, मंदिर, विहीर, विजेच्या खांबाचा क्रमांक. ‘मोबाइल शॉपीच्या शेजारी’ ही खूण वर्षभरही टिकत नाही. मूळ फाइलला हात लावू नका, सुधारलेली प्रत वेगळी ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. व्हॉट्सअॅपवरून फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि तारीख-ठिकाणाची माहितीही गळते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जाहीर ठेवताना एक फरक लक्षात घ्या. इमारती आणि सार्वजनिक जागी कायम असलेली शिल्पे यांच्या फोटोंना प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला तशी स्पष्ट सूट नाही. नुसत्या अक्षरांची पाटी सहसा अडचणीत आणत नाही. पेंटरने काढलेले चित्र असेल आणि सही वाचता येत असेल तर त्याला शोधून विचारा. तो अजून शहरात असण्याची शक्यता चांगली आहे, बहुधा रेडियम आणि नंबरप्लेटच्या दुकानात.

वर्षभराने त्याच जागी परत जा. पहिल्या लांबच्या फ्रेमचा प्रिंट सोबत ठेवा, आणि जिथून काढली ती जागा त्याच्या मागे लिहिलेली असू द्या: कुठल्या ओट्याच्या कोपऱ्यावर, गटारीच्या कुठल्या बाजूला, लेन्स कितीवर. प्रिंटमधल्या दोन कडा, उदाहरणार्थ विजेचा खांब आणि मागच्या वाड्याचा कोपरा, समोर एकमेकांवर आल्या की पाय योग्य जागी आले.